गिरमिटाची शेपटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थिनीने लिहिलंय: "परजीवींचं पेशीजीवशास्त्र मला मनापासून आवडतं. किथ गल या ब्रिटिश शास्त्रज्ञांबद्दल वाचलं. त्यांनी जवळजवळ सगळी कारकीर्द आफ्रिकेत निद्रारोग घडवणाऱ्या ट्रिपॅनोसोम नावाच्या एकपेशीय परजीवीच्या फ्लॅजेलमवर, म्हणजे चाबकासारख्या शेपटीवर, आणि सांगाड्यावर घालवली. एका शेपटीवर इतकी वर्षं देऊन रोग्याच्या हाती काय पडलं? आणि भारतात राहून असं काम करता येईल का? घरचे म्हणतात, औषध कंपनीत जा."

मी गेली सत्तावीस वर्षं ट्रिपॅनोसोम आणि त्याचा भाऊबंद लेश्मानिया, म्हणजे काळा आजार घडवणारा परजीवी, प्रयोगशाळेत वाढवते, त्यांच्या स्लाइड करते आणि मुलांना त्या बघायला शिकवते. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी ही शेपटी. १८४३ साली बेडकाच्या रक्तात सापडलेल्या अशा जीवाला ट्रिपॅनोसोमा हे नाव मिळालं. ग्रीकमध्ये ट्रिपॅनॉन म्हणजे भोक पाडायचं हत्यार, आपल्या सुताराचं गिरमिट, आणि सोमा म्हणजे शरीर. रक्ताच्या ताज्या थेंबात तो एकदा पाहिला की नाव किती चपखल आहे ते कळतं. अंगाला पीळ देत, लाल पेशींना ढुशा मारत तो वाट काढत असतो. आपण जिला शेपटी म्हणतो ती मागे नसतेच. फ्लॅजेलम शरीराच्या मागच्या टोकाजवळच्या एका खळग्यातून बाहेर पडतो, अंगाला चिकटून पुढे येतो, आणि त्याचं मोकळं टोक सगळ्यात पुढे असतं. जीव त्याच दिशेने पोहतो. पाठ्यपुस्तकातल्या चित्रावरून बहुतेक मुलांची समजूत उलटी झालेली असते, म्हणून पहिल्या दिवशी मी हेच दाखवते.

आता गल यांच्याविषयी. त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात परजीवीपासून झाली नाही, आणि तुमच्या दृष्टीने हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. १९७३ साली त्यांनी आणि ट्रिन्सी यांनी दाखवलं की ग्रिसिओफल्विन हे औषध बुरशीच्या पेशीचं विभाजन अडवतं. गजकर्णावर आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं लिहून दिलेली गोळी तीच. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढून नेणारे धागे सूक्ष्मनलिकांचे, म्हणजे प्रथिनाच्या अतिबारीक नळ्यांचे, बनलेले असतात, आणि गल यांचा प्रश्न या सूक्ष्मनलिकांचा होता: त्या कशा बनतात, कुठे बनतात, पेशीला आकार कसा देतात? बुरशीनंतर त्यांनी फायसॅरम नावाच्या श्लेष्मकवकावर काम केलं आणि मग ते ट्रिपॅनोसोमकडे वळले. विद्यापीठंही बदलली: केंट, १९८९ साली मँचेस्टर, २००२ साली ऑक्सफर्ड. प्रश्न मात्र तोच राहिला. आमच्याकडे मुलाखतीला येणारी मुलं सांगतात, "मला मलेरियावर काम करायचंय." मी विचारते, "मलेरियातलं काय?" तिथे बहुतेकांचं गाडं अडतं. हातात नेमका प्रश्न असेल तर जीव बदलला तरी बिघडत नाही. प्रश्नच नसेल तर जीव कितीही प्रसिद्ध असो, तिसऱ्या वर्षी उत्साह ओसरतो.

ट्रिपॅनोसोमच का? कारण त्याचा सगळा सांगाडाच सूक्ष्मनलिकांचा आहे. पडद्याच्या आतल्या अंगाला शंभराहून जास्त सूक्ष्मनलिका टोपलीच्या काड्यांसारख्या शेजारीशेजारी लागलेल्या असतात. पेशीवर सौम्य डिटर्जंट घातलं की पडदा विरघळतो आणि सांगाडा जसाच्या तसा उरतो, आकारासकट. शिवाय या पेशीत बहुतेक गोष्टी एकेकच असतात: एक फ्लॅजेलम, एक गॉल्गी, एकच लांबलचक मायटोकॉन्ड्रियन, आणि त्या मायटोकॉन्ड्रियनचा डीएनए एकाच ठिकाणी घट्ट बसलेला. त्या ठिपक्याला किनेटोप्लास्ट म्हणतात. आपल्या यकृताच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया शेकड्यांनी असतात. विभाजनात दोनचार इकडेतिकडे झाले तर कळतही नाही. इथे एकच असल्यामुळे प्रत्येक वस्तूची प्रत नेमकी वेळेवर बनावी लागते आणि नेमकी दोन घरांत वाटली जावी लागते. चूक झाली की लगेच दिसते.

ती कशी दिसते ते सांगते, कारण आमच्या रोजच्या कामाचा मोठा भाग हाच आहे. २८ अंशांवर वाढवलेल्या कल्चरमधला एक थेंब स्लाइडवर घ्यायचा, पेशी खाली बसू द्यायच्या, स्थिर करायच्या आणि डॅपी नावाचा रंग घालायचा. अंधाऱ्या खोलीत फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली प्रत्येक पेशीत दोन निळे ठिपके चमकतात. मोठा ठिपका केंद्रकाचा, लहान आणि जास्त तेजस्वी ठिपका किनेटोप्लास्टचा. आम्ही याला 'एक के एक एन' म्हणतो; के म्हणजे किनेटोप्लास्ट, एन म्हणजे न्यूक्लियस, केंद्रक. किनेटोप्लास्ट आधी दुभंगतो, मग 'दोन के एक एन'. मग केंद्रक दुभंगतं, 'दोन के दोन एन', आणि त्यानंतर पेशी लांबीने चिरली जाऊन दोन होतात. अशा पाचशे पेशी मोजायच्या. प्रथिन बंद केलेल्या कल्चरमध्ये 'एक के शून्य एन' दिसू लागल्या, म्हणजे केंद्रक नसलेल्या पेशी, तर समजायचं की वाटणी बिघडली आहे. पहिले दोन महिने मुलं कंटाळतात. मग एखाद्या दुपारी कुणीतरी आतून हाक मारतं, "मॅडम, जरा बघता का, हे वेगळं दिसतंय." त्या हाकेसाठी मी आजही हातातलं काम टाकून उठते.

याच प्रकारच्या निरीक्षणातून १९९१ साली रॉबिन्सन आणि गल यांनी एक सुंदर गोष्ट दाखवली. किनेटोप्लास्टची वाटणी करतो तो फ्लॅजेलमचा पाया, म्हणजे बेसल बॉडी. जुना आणि नवा पाया एकमेकांपासून दूर सरकतात आणि डीएनएचे दोन गोळे त्यांच्यामागे ओढले जातात. पेशी विरघळवून फ्लॅजेलम वेगळा काढला तर त्याच्या बुडाशी डीएनए लोंबकळत राहिलेला दिसतो. म्हणजे पोहण्याचं वल्हं आणि वारसा वाटणारा हात एकाच जागी बांधलेले आहेत. मी विद्यार्थिनी असताना हा शोधनिबंध झेरॉक्सवर वाचला होता. त्यातली छायाचित्रं काळपट आली होती, तरी ती बाजूला ठेवाविशी वाटत नव्हती.

मग १९९८. फ्लॅजेलमच्या आत इतर अनेक सजीवांतही सापडणारी नऊ अधिक दोन नळ्यांची रचना असतेच, पण ट्रिपॅनोसोममध्ये तिच्या बाजूने एक जाळीदार दांडाही धावतो: पॅराफ्लॅजेलर रॉड. माणसात तो नाही. तो कशासाठी, हे कुणाला ठाऊक नव्हतं. बास्टिन, शेरविन आणि गल यांनी त्यातल्या एका मुख्य प्रथिनाचं उत्पादन बंद पाडलं. दांडा नीट बनला नाही आणि पेशींना पोहता येईना, त्या फ्लास्कच्या तळाशी बसल्या. या पेशींचं नाव पडलं 'स्नेल', गोगलगाय. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या गटाने गल यांच्यासोबत दाखवलं की दुहेरी धाग्याचा आरएनए ट्रिपॅनोसोममध्ये घातला की त्याच्याशी जुळणारं जनुक मुकं होतं. सूक्ष्मनलिका ज्याच्या बनतात त्या ट्युब्युलिन प्रथिनाच्या जनुकावर हा प्रयोग केल्यावर पेशी दुभंगेनात आणि फुगून गोल झाल्या. जनुक मुकं करण्याची ही किमया, म्हणजे आरएनएआय, फायर आणि मेलो यांनी काही महिने आधी एका कृमीत दाखवली होती, आणि २००६ साली त्यांना नोबेल मिळालं. आमच्या क्षेत्रात यामुळे काम करण्याची पद्धतच पालटली. एक जनुक निवडा, आरएनएआय सुरू करा, तीन दिवसांनी स्लाइड बघा.

२००६ साली गल यांच्या गटाने फ्लॅजेलममधली ३३१ प्रथिनं ओळखली. त्यातली कितीतरी माणसाच्या सिलियांमध्येही आहेत, म्हणजे श्वासनलिकेतला कफ पुढे ढकलणाऱ्या केसांत आणि शुक्रजंतूच्या शेपटीत. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची: माशीत राहणारं रूप न पोहता जगतं, पण सस्तन प्राण्याच्या रक्तात राहणाऱ्या रूपाचा फ्लॅजेलम बिघडवला तर पेशी एकमेकींपासून सुटतच नाहीत. अनेक केंद्रकांचे, अनेक फ्लॅजेलमचे गोळे होतात आणि मरतात.

पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या एंग्स्टलर यांच्या गटाने पोहण्याचा एक वेगळाच उपयोग दाखवला. तो समजायला व्हिकरमन यांच्याकडे मागे जावं लागतं. किथ व्हिकरमन हे ग्लासगोचे प्राणिशास्त्रज्ञ, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे उस्ताद. १९६९ साली त्यांनी दाखवलं की रक्तातल्या ट्रिपॅनोसोमच्या अंगावर १२ ते १५ नॅनोमीटर जाडीचा एक दाट थर असतो. आफ्रिकेत हा परजीवी पसरवणाऱ्या त्सेत्से माशीच्या आतड्यात गेल्यावर तो उतरतो, आणि माशीच्या लाळग्रंथीत पुन्हा चढतो. परजीवी आपलं प्रतिजनी रूप, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती ज्यावरून त्याला ओळखते ते रूप, बदलत राहतो, त्याचं कारण या थरात असावं असं त्यांनी मांडलं, आणि ते खरं ठरलं. एका पेशीवर एकाच प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू असतात. आपल्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवली की काही परजीवी तोवर दुसऱ्या प्रथिनाचा अंगरखा चढवून बसलेले असतात. एंग्स्टलर यांनी दाखवलं की पुढे पोहताना होणाऱ्या द्रवाच्या ओढीने, प्रतिपिंड चिकटलेले रेणू पृष्ठभागावरून मागे ढकलले जातात, फ्लॅजेलमच्या बुडाशी असलेल्या खिशापर्यंत. परजीवी ते तिथे गिळतो आणि प्रतिपिंड पचवतो. पेशीत असं काही गिळायची जागा तेवढीच आहे.

हा खिसा लक्षात ठेवा, कारण आता आपण चंद्रपूर जिल्ह्यात येतोय.

आपल्याकडे त्सेत्से माशी नाही, आणि माणसाचा निद्रारोगही नाही. पण ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी आहे, गल यांनी ज्याच्यावर काम केलं त्या आफ्रिकेतल्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसीची अगदी जवळची भावकी. तिच्यामुळे उंट, घोडे, गाईम्हशींना सर्रा हा रोग होतो. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे ती शोधली. इंग्रजी शब्दकोशांत या 'सर्रा' शब्दाची व्युत्पत्ती मराठी 'सूर', म्हणजे श्वासाचा घरघराट, अशी दिलेली आहे. इव्हान्सीने किनेटोप्लास्टमधल्या डीएनएचा कामाचा भाग गमावला आहे. त्यामुळे तिला माशीच्या आतड्यात वाढता येत नाही. पण त्याचमुळे त्सेत्सेचं बंधनही सुटलं. टॅबॅनससारख्या मोठ्या चावऱ्या माश्या एका जनावराचं रक्त तोंडाला लागलेलं असतानाच दुसऱ्याला चावतात, तेवढं तिला पुरतं. अशा रीतीने ती आफ्रिका सोडून आशियाभर पसरली.

माणसाला ती होत नाही असंच सगळे धरून चालत होते. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिवनी गावच्या एका शेतकऱ्याला चढउतार होणारा ताप येत राहिला आणि त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोम दिसले. गावातल्या इतरांचीही तपासणी झाली, पण दुसऱ्या कुणाच्या रक्तात परजीवी सापडला नाही. मग यालाच का? बहुतेक माणसांच्या रक्तात एपीओएल-१ नावाचं प्रथिन असतं. परजीवी ते फ्लॅजेलमच्या बुडाच्या त्याच खिशातून आत ओढून घेतो. प्रथिन लायसोसोमपर्यंत, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीपर्यंत, पोचतं, तिथल्या पडद्याला भोकं पाडतं, आणि पेशी फुगून मरते. या शेतकऱ्याच्या दोन्ही जनुकांत बिघाड होता, त्यामुळे हे प्रथिन त्याच्याकडे नव्हतंच. प्रयोगशाळेत बनवलेलं एपीओएल-१ त्याच्या रक्तद्रवात मिसळल्यावर परजीवी मरू लागले. हे २००६ साली प्रसिद्ध झालं. १९२०च्या दशकापासून वापरात असलेल्या सुरामिनने तो रुग्ण बरा झाला.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, आणि ते मला प्रामाणिकपणे द्यायचंय. गल यांच्या फ्लॅजेलमच्या कामातून थेट एखादी गोळी बाहेर पडलेली नाही. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचे नोंदले जाणारे रुग्ण २०१८पासून वर्षाला हजाराच्या आत आले, ते गावोगाव जाऊन केलेल्या रक्ततपासणीमुळे, माश्यांच्या सापळ्यांमुळे आणि औषधांमुळे. ते श्रेय त्या कामगारांचं आणि डॉक्टरांचं आहे. पण सिवनीचा रुग्ण समोर आला तेव्हा 'हे कसं शक्य आहे' या प्रश्नाचं उत्तर दोन वर्षांत मिळालं, कारण परजीवी काय गिळतो, कुठून गिळतो आणि गिळल्यावर ते कुठे जातं हे माणसांनी आधीची तीसचाळीस वर्षं बसून शोधलेलं होतं. ते शोधताना चंद्रपूर कुणाच्याही डोक्यात नव्हतं. अशा कामाला उपयोग नाही असं कुणी म्हणालं की मला मनापासून वाईट वाटतं.

आता व्यवहाराचं. भारतात राहून हे करता येतं. ट्रिपॅनोसोमवर काम करणारे आपल्याकडे थोडे आहेत. लेश्मानियावर बरेच, कारण बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालमधला काळा आजार. मलेरियावर त्याहून जास्त. पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, मुंबईचं टीआयएफआर, दिल्लीचं आयसीजीईबी, लखनौचं सीडीआरआय या संशोधन संस्थांच्या संकेतस्थळांवर तिथल्या गटांची पानं नीट वाचा. सर्रासाठी हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिन्याला ३७ हजार रुपये आणि वर घरभाडं. पीएच.डी.ला पाच ते सहा वर्षं धरा, मग परदेशात किंवा इथे पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं काही वर्षांचं संशोधन, आणि स्वतःची प्रयोगशाळा पस्तिशीच्या आसपास, तीही मिळाली तर. जागा कमी आहेत, हे घरच्यांपासून लपवू नका. मुलींना याच वर्षांत लग्नाचं आणि मुलांचं विचारलं जातं. मी मुलगी दोन वर्षांची असताना पोस्टडॉक केला, आणि आई सहा महिने माझ्याजवळ येऊन राहिली म्हणून तो पुरा झाला. ज्यांना अशी आई नाही त्यांनी गाइड निवडताना प्रयोगशाळेतल्या विवाहित मुलींशी आधी बोलून घ्यावं. गाइडच्या प्रकाशनांच्या यादीपेक्षा ते जास्त कामाचं आहे. औषध कंपनीत जाणंही वाईट नाही. माझे दोन विद्यार्थी तिथे उत्तम काम करतात, आणि पेशी नीट बघता येणारा माणूस त्यांनाही हवा असतो.

एक अनुभव सांगते, तुमचे काही महिने वाचतील. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून मला एक पेशीरेषा मिळाली. नळीवर लिहिलं होतं की त्यात अमुक जनुक काढलेलं आहे. आठ महिने मी तिच्यावर मोजणी केली आणि काहीच फरक दिसेना. शेवटी पीसीआर, म्हणजे जनुक आहे की नाही हे दाखवणारी चाचणी, केली. जनुक जागेवरच होतं. लेबल चुकलं होतं. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पण आठ महिने परत आले नाहीत. तेव्हापासून माझ्याकडे बाहेरून आलेली कुठलीही नळी पहिल्या आठवड्यात तपासली जाते आणि तिच्या पाच प्रती द्रव नायट्रोजनमध्ये जातात. कोणाची आहे, किती मोठ्या शास्त्रज्ञाने पाठवली आहे, हे बघायचं नाही.

वाट बघत बसू नका, आजपासून करण्यासारखं आहे. ऑक्सफर्डमध्ये गल यांच्याभोवती घडलेल्या तरुण संशोधकांनी ट्रिपटॅग नावाचा प्रकल्प केला. ट्रिपॅनोसोमच्या जवळजवळ प्रत्येक प्रथिनाला चमकणारी खूण लावून ते पेशीत कुठे असतं याची छायाचित्रं त्यांनी सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. २०२३ साली त्याचा निबंध आला. मोबाइलवरही ती उघडतात. रोज दहा प्रथिनं बघा आणि प्रत्येकासाठी एक ओळ लिहा: फ्लॅजेलममध्ये आहे का, बुडाशी की टोकाशी, नव्या फ्लॅजेलममध्ये जास्त की जुन्या? महिनाभरात तुमच्या वहीत एखादा प्रश्न असा येईल की त्याचं उत्तर कुठेच सापडणार नाही. मुलाखतीला तो घेऊन जा.

आणि नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात ओळख काढा. सर्रा झालेलं जनावर उपचाराला आलं तर परवानगी घेऊन, तिथल्या डॉक्टरांसोबत, ताज्या रक्ताचा थेंब बघायला मिळेल का विचारा. ताप चढलेला असताना रक्तात परजीवी सापडण्याची शक्यता जास्त. थेंब स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, आणि चाळीसच्या भिंगाखाली शांत बसून राहायचं. परजीवी लगेच दिसणार नाही. आधी लाल पेशींचा एखादा पुंजका कुणीतरी ढकलल्यासारखा हलताना दिसेल. तिथेच नजर ठेवा. तो सापडला की वहीत चित्र काढा, आणि फ्लॅजेलमचं मोकळं टोक कुठल्या बाजूला होतं ते मला लिहून कळवा.